पाचही कडवी

मास्तरांनी जन्मात एकही कडवं गाळलं नाही. मंडळीबाहेरच्या माणसाला यातली गंमत कळायची नाही, म्हणून आधी ते सांगते. चर्चमधल्या आमच्या रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब गाण्याचा क्रमांक सांगतात, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे एक नजर टाकतात आणि पुढं जोडतात, "पहिलं, दुसरं आणि शेवटचं." मधली कडवी त्या रविवारी रजेवर. सगळी मंडळी मुकाट्याने दुसऱ्यावरून शेवटच्यावर जायची. मास्तर जायचे नाहीत. मागच्या बाकावरून ते एकटे, खड्या आवाजात, तिसरं धरायचे. पेटीवाल्याचे हात अडखळायचे, पुढच्या बायका पदराआड हसायच्या, आणि पाळकसाहेब डोळे मिटून घ्यायचे, ते काही प्रार्थनेसाठी नव्हे. शेवटी त्यांनीच हात टेकले. मास्तर हजर असले की ते नुसता क्रमांक सांगायचे आणि उपासना दहा-बारा मिनिटं लांबायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. म्हसळ्याहून दिघी आणि म्हसळ्याहून श्रीवर्धन, या दोन रस्त्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत रमतात, नातवंडांत रमतात. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी पाळकसाहेबांकडे जाऊन मंडळीचा तरुण संघ मागून घेतला. तरुण संघ म्हणजे आम्ही चौदा पोरंपोरी. कुणी शिक्षकाचं, कुणी तहसील कचेरीतल्या कारकुनाचं, मी सरकारी दवाखान्यातल्या नर्सची. चर्चच्या मागं पत्र्याची एक खोली होती, तिथं दर शनिवारी दुपारी आम्ही जमायचो.

त्या खोलीत शिरलं की डोक्यावर एक दोरी दिसायची. दारापासून पार मास्तरांच्या खुर्चीपर्यंत ताणलेली, आणि तिच्या टोकाला भंगारात गेलेल्या बसची घंटा. दोनदा वाजली की सुरू, एकदा वाजली की बंद. गाणं, प्रार्थना, पोहे, भांडण, सगळं त्या घंटेवर चालायचं. एकदा मुंबईहून एक मोठे उपदेशक आले. तरुणांना चार शब्द सांगतो म्हणाले, आणि पाऊण तास झाला तरी नोहा अजून तारवातच. मास्तर अगदी भक्तिभावाने ऐकत होते. हात मात्र सवयीने वर गेला आणि टण. पाहुणे थांबले. मास्तर इतके ओशाळले, की सारवासारव करायला त्यांनी घाईघाईने टण टण असं दोनदा ओढलं. पाहुण्यांना वाटलं, पोरांना आणखी ऐकायचंय. ते आणखी वीस मिनिटं बोलले. मास्तरांची बायको, जिला आम्ही मावशी म्हणायचो, ती नारळ पेरलेले पोहे घेऊन दाराबाहेर ताटकळत उभी होती. त्या दिवशी आम्ही ते गार खाल्ले.

मी बारा वर्षांची असताना आईची बदली म्हसळ्याला झाली. नवं गाव, नवी शाळा, मैत्रीण म्हणाल तर एक नाही. पहिल्या शनिवारी मी त्या दारातच उभी राहिले. मास्तरांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात, तसं म्हणाले, "सलाम बाळा. चला, आत सरका सगळे. नव्या सीटला खिडकी द्या." खिडकीपाशी बसलेला पोरगा पटकन उठला. तो नियमच होता. पहिल्या प्रवासात माणसाला बाहेर बघायला मिळालं पाहिजे, मग आतली माणसं आपोआप ओळखीची होतात, असं मास्तरांचं म्हणणं. खिडकीतून दिसायचं ते काय, एक चिंच, एक विहीर आणि लांबून स्टँडकडे वळणाऱ्या गाड्या. पण मला ती खिडकी इतकी आवडली, की ती माझ्या नावावर झाली असंच मी धरून चालले.

दोन वर्षांनी रूथ आली. बँकेतल्या नव्या साहेबांची मुलगी. "नव्या सीटला खिडकी," मास्तर म्हणाले. मी उठले, पण मनातून नाही. महिनाभर मी त्या पोरीशी एक अक्षर बोलले नाही. तिच्या वहीवर शाई सांडली, ती चुकून सांडली असं मी आजही सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस. वेदीपाशी जाऊन गुडघे टेकायचे आणि घ्यायचं. त्याच्या आदल्या शनिवारी मास्तर घंटा न वाजवता विचारायचे, "कुणाची गाठ हाय?" कुणाचं कुणाशी वाजलं असेल तर हात वर करायचा. मग त्या दोघांना एका बाकावर बसवून दोघांत मिळून एकच गीतपुस्तक द्यायचं. एकाने धरायचं, दुसऱ्याने पान उलटायचं, आणि मास्तर सांगतील ते गाणं दोघांनीच म्हणायचं. सगळी कडवी. गाठ सुटली नाही तर दुसरं गाणं, तेही सगळ्या कडव्यांसकट.

रूथने हात वर केला. मी नव्हता केला. पहिलं गाणं आम्ही पोलीस ठाण्यात जबाब दिल्यासारखं म्हटलं. दुसऱ्यात मी मुद्दाम वरची पट्टी लावली, तिनेही लावली, आणि तिचा आवाज असा काही फाटला की विहिरीवरची बाई वळून बघायला लागली. तिसऱ्या गाण्यात पान उलटायची पाळी माझी होती आणि हसू आवरेना म्हणून दोन पानं एकदम उलटली गेली. झालं, गाठ सुटली. रूथ आता पुण्याला असते. फोनवर आमचं वाजलं की ती आधी विचारते, "पुस्तक काढू का?"

एवढी सगळी कडवी कशाला, असं आम्ही मास्तरांना शंभरदा विचारलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. "कडवं म्हंजे थांबा. आपल्याला घाई हाय म्हणून गाडी थांबली न्हाय, तर गाडीतल्या कुणाचं काय बिघडत न्हाय. पण तिथं उभा असलेला माणूस उभाच राहतो ना." हे सांगताना ते आमच्याकडे बघायचे नाहीत. चष्मा काढून पुसायचे. आम्हाला वाटायचं, नोकरीतलं काहीतरी आठवत असेल.

त्यांच्या वेडांची यादी करायला बसले तर संध्याकाळ होईल. नाताळची गाणी घरोघर म्हणायला सगळीकडची पोरं संध्याकाळी निघतात. आम्ही भर दुपारी निघायचो, कारण मास्तरांच्या डोक्यात परतीच्या गाडीचं वेळापत्रक असायचं. तालुक्यात ख्रिस्ती घरं मोजून नऊ. मास्तर तेवढ्यावर थांबायचे नाहीत. दार उघडं दिसेल तिथं ढोलकी वाजायची. मुसलमानांच्या घरी शेवया मिळायच्या, कुणब्यांच्या घरी तांदळाची बोरं, बुद्धवाडीत चहा आणि वर "ते चौथं कडवं पुन्हा म्हणा" अशी फर्माईश. दुपारी झोपमोड झाली म्हणून कुणी ओरडल्याचं मला आठवत नाही. मास्तरांनी एकेकाळी यातल्या प्रत्येकासाठी कधी ना कधी सुटलेली गाडी थांबवून त्याला आत घेतलेलं असायचं.

आणखी एक वेड म्हणजे त्यांचा अलिबागचा रस्ता. आम्हाला अलिबागला जायचं तर दिघीला जाऊन फेरीबोटीने खाडी ओलांडायची, पलीकडे आगरदांडा, आणि तिथून पुढं. सगळं जग असंच जातं. मास्तर माणगावावरून, पेणवरून, अख्ख्या जिल्ह्याला वळसा घालून जायचे. दुप्पट वेळ. विचारलं तर म्हणायचे, "बोट लागते मला." खाडीकाठी जन्मलेला माणूस हे तोंड वर करून सांगायचा.

आणि चपला. प्रभुभोजन सुरू झालं, माणसं एकेक करून वेदीकडे निघाली, की मास्तर मागच्या दाराने हळूच बाहेर पडायचे आणि दारातल्या सगळ्यांच्या चपलांचे जोड लावायचे. टाचा दाराकडे, तोंड रस्त्याकडे, म्हणजे बाहेर आलेल्या माणसाने नुसतं पाऊल टाकायचं. केवढी ही नम्रता, असं सगळी मंडळी म्हणायची. पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात उदाहरण म्हणूनही सांगितलं होतं. मीही तसंच समजत होते.

सोळाव्या वर्षी माझं दृढीकरण झालं. म्हणजे त्या दिवसापासून मलाही प्रभुभोजन घेता येणार होतं. आईने पांढरा ड्रेस शिवला होता. मी वेदीपाशी गुडघे टेकले, घेतलं, आणि परत येताना उघड्या दारातून मला मास्तर दिसले. चपलांपाशी उकिडवे बसलेले. माझ्या पांढऱ्या सँडल हातात धरून त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसल्या आणि जोड लावला. मग आतून ज्या बाजूने गाण्याचा आवाज येत होता, तिकडे तोंड करून ते नुसते बसून राहिले. मला एकदम उमगलं, की या माणसाला मी कधी वेदीपाशी बघितलेलंच नाही.

त्याच दुपारी मी मावशीला गाठलं. ती आधी टाळत होती. मग पातेलं घासता घासता म्हणाली, "त्यांचा धाकटा भाऊ हाय गं, आगरदांड्याला. फेरीच्या तिकिटाच्या खिडकीत असतो. सासूबाई गेल्या तेव्हा पलीकडची सगळी माणसं आली होती. दफनाला उशीर झाला. सासूबाईंच्या आवडीचं गाणं पाच कडव्यांचं. हे म्हणायला उभे राहिले, तेवढ्यात भावजी म्हणाले, पहिलं आणि शेवटचं म्हणू, शेवटची फेरी सुटेल. आणि तसंच म्हटलं सगळ्यांनी. तिसरं कडवं सासूबाईंचं अगदी जीव की प्राण. त्यात एक आई आपली लेकरं देवाच्या ओटीत घालते. तेच राहिलं. फेरी मिळाली सगळ्यांना. त्या दिवसापासून हे दोघं बोलत न्हाईत. अकरा वर्षं झाली."

"आणि प्रभुभोजन?"

"गाठ ठेवून वेदीपाशी जायचं न्हाय, हा नियम कुणाचा? ह्यांचाच ना? मग स्वतः कसे जातील?" मावशीने पातेलं पालथं घातलं. "मी सांगून थकले. तू न्हाय सांगायचंस, लहान हायेस."

लहान माणसाला असं सांगितलं की काय होतं ते ठाऊकच आहे. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी नाताळच्या गाण्यांचा बेत ठरत होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "या वर्षी खाडीपलीकडे जाऊ." मास्तरांचा हात वर गेला. टण. "तो रूट आपला न्हाय," ते म्हणाले.

मला तिथंच थांबता आलं असतं. पण माझ्या जिभेला कुठं घंटा होती. मी म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगता ना, थांबा गाळला तर माणूस उभाच राहतो. आगरदांड्याला अकरा वर्षं एक माणूस उभा आहे."

मास्तर म्हणाले, "गप बस." चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला असं म्हटलं होतं. मग चष्मा हातात घेऊन ते निघून गेले. मला इतकी लाज वाटली की मी पोहेही खाल्ले नाहीत. आठवडाभर मला वाटत राहिलं, की आपण एका चांगल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जखम दाबली की दुखणारच. पण ती धुवायची असेल तर दाबावीच लागते." ती नर्स होती, तिला काय.

पुढच्या शनिवारी मास्तर आले, खुर्चीत बसले आणि घंटा न वाजवता म्हणाले, "कुणाची गाठ हाय?" पहिला रविवार अजून लांब होता. कुणी हात वर केला नाही. मग त्यांनी स्वतःचा केला. मीही केला. रूथने उठून आमच्या दोघांच्या मध्ये एक गीतपुस्तक ठेवलं. मी म्हणाले, "कोणतं म्हणायचं?" त्यांनी न बघता पान काढलं. पाच कडव्यांचं होतं. मी धरलं, ते पान उलटणार. पहिलं आणि दुसरं आम्ही नीट म्हटलं. तिसरं आलं आणि त्यांचे नुसते ओठ हलले, आवाज आला नाही. ते कडवं मी एकटीने म्हटलं. चौथ्याला ते पुन्हा आले, पाचव्याला तर नेहमीसारखे खडे. गाणं संपल्यावर त्यांनी दोरी दोनदा ओढली. "बुधवारी," ते म्हणाले, "सकाळच्या गाडीने दिघी. सगळ्यांनी टोप्या आणा, ऊन लागेल."

बुधवारी फेरीबोटीत मास्तर आमच्यात बसले नाहीत. दोन मोटारसायकलींच्या मध्ये उभं राहून त्यांनी दोनदा आमची डोकी मोजली, मग तिसऱ्यांदा मोजली. बोट लागणारा माणूस कठड्याला धरून सगळी खाडी टक लावून बघत होता. मावशीही आली होती, डब्यात करंज्या घेऊन.

आगरदांड्याला उतरलो. धक्क्यावर तिकिटाची खिडकी होती आणि आत मास्तरांचाच चेहरा, फक्त केस काळे. त्याने आम्हाला बघितलं. मग मान खाली घालून तो तिकिटं फाडू लागला. आम्ही खिडकीपासून पाच हातांवर उभे राहिलो. रूथने ढोलकी गळ्यात अडकवली. नाताळचं एक गाणं झालं, दुसरं झालं. रांगेतली माणसं हसून बघत होती, खिडकीतला माणूस वर बघत नव्हता. परतीच्या फेरीवर गाड्या चढायला लागल्या. मास्तरांनी मग आईच्या गाण्याचा क्रमांक सांगितला. आम्ही पान काढतो न काढतो तोच त्यांनी बोटीकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "पहिलं आणि शेवटचं. फेरी सुटेल."

आम्ही चौदाही जणं त्यांच्याकडे बघत राहिलो. मावशीच्या हातातला डबा कलला. मास्तर पळ काढायला बघत होते, दुसरं काही नाही. मला वाटलं, झालं, आता आम्ही दोन कडवी म्हणून घरी जाणार.

खिडकीतून आवाज आला, "पाचही म्हणा."

मास्तर त्याच्याकडे न बघता बोटीला म्हणाले, "फेरी सुटेल."

"फेरी मी थांबवतो." खिडकीचं दार लावून तो बाहेर आला आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन त्याने खलाशाला हात केला. "थांब रे. पाच कडवी हायेत." एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवला. तिथं टोपलीवर बसलेली एक कोळीण त्याच्यावर डाफरली, "गाऊ दे रं त्यांना. माझी मासली बर्फात हाय, तुझी काय नासतेय?"

मी पुढं होऊन दोघा भावांच्या मध्ये एक पुस्तक धरलं. दोघांनाही ते गाणं पाठ होतं, पुस्तकाची गरज कुणालाच नव्हती. तरी धाकट्याने एक बाजू धरली आणि थोरल्याने दुसरी. पहिलं, दुसरं. तिसरं आलं तसा मास्तरांचा आवाज पुन्हा गेला. त्या वेळी मी म्हटलं नाही, आम्ही कुणीच म्हटलं नाही. धाकट्याने ते एकट्याने धरलं. बेसूर होता बिचारा, पण एक शब्द चुकला नाही. अर्ध्यावर मास्तरांचा आवाज येऊन मिळाला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही येत होतं, कारण दोघं तिसरं कडवं संपल्यावर चौथ्याकडे जायचं सोडून पुन्हा तिसरंच म्हणायला लागले. रूथची ढोलकी गोंधळली, पण वाजत राहिली.

गाणं संपल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, च्या घेतलास?"

"न्हाय."

"मग चल घरी."

"अरे पण फेरी..."

"जाऊ दे तिला. पुढची हाय." आणि त्याने खलाशाला सुटायची खूण केली. आम्ही सोळा माणसं त्याच्या दोन खोल्यांच्या घरात घुसलो, त्याच्या बायकोने भाताचं मोठं पातेलं चढवलं, आणि मास्तर ओटीवर बसून सगळ्यांना म्हणत होते, आत सरका, आत सरका. मग त्यांनी भावाला हाताला धरून खिडकीपाशी बसवलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी धाकटा पहिल्या फेरीने खाडी ओलांडून, दिघीची गाडी धरून म्हसळ्याला आला. प्रभुभोजनाची वेळ झाली. वेदीपाशी गुडघे टेकल्यावर मागं वळून बघणार नाही असं मी ठरवलं होतं आणि बघितलंच. मास्तर उठले, सवयीने मागच्या दाराकडे दोन पावलं गेले, थांबले आणि वळले. भावाच्या मागोमाग ते पुढं चालत आले आणि आमच्या शेजारी त्यांनी गुडघे टेकले. त्या दिवशी पाळकसाहेबांनी शेवटच्या गाण्याचा क्रमांक सांगितला आणि आपणहून म्हणाले, "सगळी कडवी."

उपासना सुटली तेव्हा दारात नुसता गोंधळ. सगळ्यांच्या चपला एकावर एक पडलेल्या, माझी डावी विहिरीपाशी, ती बहुतेक कुत्र्याने नेलेली. आई वाकून शोधत होती, पाळकसाहेब एकच बूट घालून उभे होते, आणि मास्तर भावाच्या खांद्याला धरून एका पायावर लंगडत आपली दुसरी चप्पल हुडकत होते. मंडळीतल्या दोन बायका कुरकुरल्या, की आज हे असं कसं झालं. आज चपला लावायला बाहेर कुणी नव्हतं.